गेरूची तिसरी रेघ

त्याच्या कोटाची डावी बाही मनगटावर गुंडी लावून बंद असायची आणि उजवी खांद्यापर्यंत वर सारलेली. थंडी कडाक्याची असो नाहीतर ऊन लागलेलं असो, यात फरक नाही. कारंज्याच्या कापूसबाजारात नवा माणूस आला की आधी त्याचा तो उघडा हातच पाहायचा. काळा, वाळका, कोपरापर्यंत रुईचे तंतू चिकटलेला. त्या हातानं तो कापसाच्या गाडीत बगलेपर्यंत घुसे आणि पार तळातून मूठभर कापूस ओढून काढी. वरच्या कापसाकडे त्यानं कधी मान वळवून पाहिलं नाही.

"वरतं सारेच चांगलं ठेवते," एवढंच म्हणायचा.

मग मुठीतली एक सरकी घेऊन तिचे तंतू दोन्ही अंगठ्यांनी ओढायचा, उन्हाकडे धरायचा, आणि सरकी दाढेखाली टाकायचा. कट्कन फुटली तर कापूस कोरडा. नुसतीच दबली तर त्यावर पाणी मारलेलं. शेवटी खिशातून गेरूचा खडा काढून गाडीच्या फळीवर रेघा ओढायचा. एक, दोन किंवा तीन. त्यावर बोली लागायची. ज्यांच्या जीनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तो कामाला होता ते जैन शेठजी मुनिमाच्या वहीपेक्षा त्या फळीकडे पाहत. सगळा बाजार त्याला पारखी म्हणे. नाव त्याला होतं, पण ते कुणी घेत नव्हतं. मीही घेत नाही.

कापसाचे पारखी बाजारात आणखीही होते. त्यांच्यासाठी मी कागद काळा केला नसता. हा माणूस खाण्याचे गाडेही तसेच तपासायचा.

दुसऱ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. दिवाळी झाली की होळीपर्यंत बाजारात कापूस यायचा. शेलूबाजारच्या, आसेगावच्या गाड्या यायच्या, रांग मंगरूळ वेशीच्या बाहेर जायची. गाडीवानाला दोन-दोन दिवस मुक्काम पडे आणि बांधून आणलेली भाकर पहिल्याच दिवशी संपे. त्यांच्या पोटासाठी आम्ही होतो. भजे, आलूबोंडे, चिवडा, जिलेबी, झुणका-भाकर. कुणाची हातगाडी, कुणाचा जुना छकडा. बैल सोडायचे, जू टेकूवर ठेवायचं, बाजूला तीन दगडांची चूल मांडायची, की झालं दुकान. माझा छकडा होता. मुंगाचे वडे आणि सोबत कढी.

दर सोमवारी सकाळी, बोली सुरू व्हायच्या आधी, पारखी आमच्या गाड्यांवरून फिरायचा. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेठजींनी नाही, बाजाराच्या कमिटीनं नाही. गाड्यापुढे उभा राहायचा. बसायचा कधीच नाही. आपल्या लोट्यातल्या पाण्यानं चूळ भरायचा आणि म्हणायचा, "तयातलं दे."

म्हणजे थाळीतल्या ढिगाच्या तळातलं. दबलेलं, गार झालेलं, जे आम्ही शेवटच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचो ते.

"भाऊ, वरतं गरम आहे ना, हे घ्या."

"गरम त घरीबी भेटते."

एकदा जिलेबीवाल्यानं त्याची टर उडवली. "भाऊ, जिलेबीले कोनता तय?"

"ढीग केला ना? मंग तय आलाच. काढ."

ते भजं तो दोन अंगठ्यांनी हळू फाडायचा, उन्हाकडे धरून पाहायचा, तोंडात टाकायचा आणि डोळे मिटायचा. चावताना बोलायचा नाही. कुणी बोललेलं त्याला चालायचं नाही. फुकट घ्यायचा नाही. मग गेरूचा खडा निघायचा आणि गाड्याच्या पुढच्या फळीवर रेघ यायची.

त्या रेघांचा अर्थ त्यानं एका आसेगावच्या गाडीवानाला माझ्यासमोर सांगितला होता. "एक रेघ म्हंजे पोट दुखनार नाई. दोन म्हंजे पुना आला तरी चालते. तीन म्हंजे आसेगावाहून पायी आला तरी पस्तावनार नाई."

"अन् रेघच नसन त?"

"मंग उपाशी राह्य."

गाडीवानांना अक्षर येत नव्हतं, पण रेघा मोजता येत होत्या. ज्या फळीवर रेघ नाही तिथे माशाच बसायच्या. आम्हाला त्याचा राग यायचा. पण ओढलेल्या रेघेला कुणी हात लावायचा नाही, हा बाजाराचा कायदाच झाला होता. पुढच्या सोमवारी तोच ओल्या फडक्यानं जुन्या पुसायचा आणि नव्या ओढायचा.

घरी मात्र तो काय खायचा? ज्वारीची भाकर, मीठ आणि लाल मिरची. वेशीजवळच्या खोलीत एकटा राहायचा. मी विचारलं होतं, "सारा बाजार चाखता अन् घरी भाजीबी नाई?" तर म्हणाला, "जीभ कोरी ठेवा लागते."

सरकीचं तेल तर त्याला वीस पावलांवरून कळायचं. एकदा स्टेशनाकडे नवा गाडा लागला होता. मूर्तिजापूरची छोटी गाडी नुकतीच आलेली, उतारूंची गर्दी. पारखी जवळ गेलाच नाही, लांबच थांबला.

"या ना भाऊ, ताजे भजे आहे."

"कढईत काय आहे?"

"भुईमुंगाचं तेल. शपथ."

"शपथ कायले घेतं? तीस वर्स मी सरकी चावून राह्यलो. मले सांगतं का?"

मग पुढे झाला आणि फळीवर मोठी फुली मारली. सरकीचं कच्चं तेल पोटात गेलं की माणूस आडवा होतो, हे कापसाच्या गावात सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी तो गाडा दिसला नाही. फुली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. त्या दिवशी गाडेवाले हसले होते, पण प्रत्येकानं आपली कढई वाकून पाहिली. मीसुद्धा.

आता माझं सांगतो. चार हंगाम माझ्या फळीवर दोन रेघा होत्या. एक सोमवार चुकून एक झाली नाही की तीन झाल्या नाहीत. आणि समोर कडुनिंबाखाली किसनाचा गाडा. तोही मुंगाचे वडेच विकायचा, आणि त्याच्या फळीवर तीन. किसनाचं आणि माझं बोलणं बंद होतं, त्या कडुनिंबाच्या सावलीवरून. ती जागा आधी माझी होती. आजही म्हणतो, माझीच होती. त्याचे वडे मी कधी तोंडात घातले नव्हते, घालणारही नव्हतो. सगळं गिऱ्हाईक आधी त्याच्याकडे जायचं आणि तिथे गर्दी झाली की उरलेलं माझ्याकडे यायचं. उरलेल्यावर जगणं मला सोसत नव्हतं.

एका सोमवारी मी पारखीला अडवलं. "काय कमी आहे भाऊ? डाय मी दयतो, तिखट मी कुटतो. सांगा ना काय कमी आहे?"

"मले काय इचारतं? तू खाल्लं का कधी तुह्यं?"

"मी कायले खाऊ? मी इकतो."

"मंग राहू दे," म्हणाला आणि पुढे गेला.

त्या वर्षी भादव्यात पारखीला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस अंथरुणावर होता. शेठजींनी वैद्य पाठवला म्हणून वाचला, असं लोक म्हणत. दिवाळीनंतर बाजार उघडला तेव्हा तो आला, पण कोट अंगावर लोंबत होता. उजवी बाही मात्र वर सारलेलीच. सोमवारी गाड्यांवरूनही फिरला. पहिल्या काही सोमवारी मला वेगळं काही दिसलं नाही. रेघा थोड्या इकडेतिकडे झाल्या, एवढंच. कुणाची एक वाढली, कुणाची घटली. लोक म्हणाले, आजारी माणूस चिडका होतो.

मग तो सोमवार आला. माझी बायको बाळंतपणाला माहेरी, शेलूबाजारला गेलेली. कढी एरवी तीच करायची. मी म्हटलं, कढीत काय आहे, ताक आणि पीठ. शेजारची म्हातारी म्हणत होती, "थांब ना बापू, मी फोडनी घालून देतो." पण मला कुणाकडून काही करून घ्यायची सवय नाही. केली. सोमवारचा माझा उपास, म्हणून चव पाहिली नाही. वडे मात्र त्या दिवशी झक्क उतरले होते. वरून कुरकुरीत, आतून जाळीदार.

सकाळी पारखी आला. पहिलं गिऱ्हाईक नेहमी तोच. तळातला वडा घेतला, फाडला, उन्हाकडे धरला. कढीत बुडवून खाल्ला. द्रोण तोंडाला लावून उरलेली कढी प्याला. आणि गेरू काढून एक रेघ ओढली, दुसरी ओढली, आणि तिसरी ओढली.

तो समोर गेला आणि किसनाच्या फळीवरची एक रेघ कमी केली. मी कडुनिंबाकडे पाहून मिशीवर हात फिरवला. खोटं कशाला सांगू, फिरवला.

अर्धा तासही गेला नाही. शेलूबाजारचा एक गाडीवान तीन रेघा पाहून आला. कढीचा घोट घेतला आणि तिथेच मातीत थुंकला.

"काय बे, मीठ टाकाचं इसरला का?"

"इसरन कायले?"

"मंग पी ना तूच."

उपास मोडून मी बोट बुडवलं. चिमूटभरही मीठ नव्हतं. आंबट पिठाचं पाणी नुसतं. गाडीवान दोस्ताला सांगत होता, "पारखी म्हातारा झाला. आता काय, कोनालेबी तीन देते."

मी ओलं फडकं घेतलं आणि तिसरी रेघ पुसली. सगळ्यांदेखत. पारखीची दया येऊन पुसली, असं कुणी समजू नये. माझ्या फळीवर मला खोटी रेघ नको होती, माझा ताठा होता तो. तोपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही आलंही नव्हतं.

बोली चालू असताना तो कधी कापसाची जागा सोडत नसे. त्या दिवशी सोडली. दुपारच्या उन्हातून सरळ माझ्या गाड्यापाशी आला. भुवयांवर रुई, उघड्या हातावर रुई.

"रेघ कोनं पुसली?"

"म्या."

"तुह्या बापाची होती का?"

"माह्या फळीवर होती. म्हून पुसली."

आजूबाजूचे गाडेवाले हातातलं काम सोडून पाहू लागले. समोर किसनाही उभा राहिला. मी आवाज खाली आणला. "भाऊ, कढीत मीठ नव्हतं."

"थोडं कमी असन."

"कमी नाई. टाकलंच नव्हतं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग पळी घेऊन कढी प्याला. आता त्यात मीठ होतं. पुन्हा प्याला. तोंडावर काही उमटलं नाही. मग त्यानं माझ्या मिठाच्या वाडग्यात बोटं घातली, खड्याच्या मिठाचा एक खडा उचलला आणि सरकी टाकावी तसा दाढेखाली टाकला. कट्कन वाजलं. तो चावत राहिला, डोळे मिटून, पुष्कळ वेळ.

"हे मीठच आहे ना?" त्यानं विचारलं. इतक्या हळू की मलाच ऐकू आलं.

"हाव भाऊ."

त्यानं हात कोटाला पुसला. "पाच वाजता खोलीवर येजो," म्हणाला आणि बोलीकडे परत गेला. मी लोकांकडे वळून ओरडलो, "काय पाहून राह्यले? माह्यं तेल जास्त झालं होतं, म्हून म्याच पुसली." त्या गाडीवानाचं बोलणं तेवढ्यावर विरलं. आयुष्यात मी माझ्या मालाला नाव ठेवलं ते तेवढंच.

खोलीवर गेलो तर तो दाराशी बसला होता. एवढी वर्षं ओळख, पण त्याला बसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"ताप गेला अन् संग जीभ घेऊन गेला," तो म्हणाला. "नाकबी गेलं. वाटलं, येईन हयूहयू. नाई आलं. मंग हातानं पाहून राह्यलो. तुह्ये वडे आज हाताले तीनचे लागले."

"मंग सोडून द्या ना भाऊ. कापूस त तुमी हातानं पाहू शकता. खान्याचं कोनं सांगितलं तुमाले?"

यावर तो जे बोलला ते त्यानं दुसऱ्या कुणाला सांगितलं नसावं. त्याचा बाप आसेगावकडचा. कापूस घेऊन याच बाजारात आला होता. माल विकला, एका गाड्यावर पोटभर भजे खाल्ले, आणि संध्याकाळीच गाडी जुंपून निघाला. बैल घरचे, रस्ता त्यांना ठाऊक. सकाळी गाडी अंगणात येऊन उभी राहिली. बाप गाडीत पडलेला. माय म्हणाली, झोपू द्या, थकला असन. त्यांनी त्याला दुपारपर्यंत उठवलं नाही.

"त्याच्या धोतराले सरकीच्या तेलाचा वास येत होता," पारखी म्हणाला. "तवा मले समजलं नाई थे काय आहे. जीनमंदी लागलो तवा समजलं."

एवढं सांगून तो उठला आणि उगाच कोनाड्यातला लोटा इकडचा तिकडे ठेवला. मी म्हणालो, "सोमवारी मी येतो तुमच्या संग. मी चाखीन. रेघ तुमी ओढा."

"तू गाडेवाला. तुह्या जिभेले कोन मानन?"

"तुमच्या रेघेले मानते ना."

"अन् किसन्याचं काय करशीन?"

मी छाती काढून म्हणालो, "खरं सांगीन."

"पाहू," तो म्हणाला.

पुढच्या सोमवारपासून आम्ही दोघं फिरू लागलो, आणि माझा सोमवारचा उपास दर वेळी पहिल्याच गाड्यावर मोडू लागला. बाजारात बोभाटा झाला की पारखीनं शागीर्द ठेवला. रीत आम्ही ठरवली होती. तो तळातलं मागायचा, फाडायचा, अर्धं मला द्यायचा. दोघं चावायचो. मी फळीवर हात टेकायचो, जितकी बोटं तितक्या रेघा. मूठ टेकली तर फुली.

पहिल्याच फेरीत मूठ टेकावी लागली. स्टेशनाकडच्या एका भजेवाल्याकडे. तोंडात टाकलं आणि घशात ते उग्र, कच्चं तेल उतरलं. मी मूठ टेकली. पारखीनं माझ्याकडे पाहिलं. फळीवर त्याच्याच हातच्या दोन रेघा होत्या, गेल्या सोमवारच्या. त्यानं फुली मारली. फुलीची एक टांग वाकडी गेली. त्यानंतर आठ दिवस तो गाड्यांच्या रांगेतून फिरत होता आणि ज्याला-त्याला विचारत होता, "स्टेशनावर खाल्लं होतं का? पोट बरं आहे ना?" गाडीवान चक्रावून म्हणत, "बरं आहे बाप्पा, काहून?" तो पुढच्या गाडीकडे जायचा. कुणाला काही झालं नव्हतं. निदान जे परत आले होते त्यांना तरी.

पण मूठ टेकणं सोपं होतं. कडुनिंब त्याच फेरीत पुढे होता.

किसनानं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. वडा मात्र तळातलाच दिला. पारखीनं फाडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. मी तो तोंडात टाकला. काय सांगू? गार झालेला, दबलेला वडा, पण मुंगाची चव जशीच्या तशी, हिंग कुठे आहे ते कळू नये इतकाच, आणि कढी अशी की घोटाघोटाला लहानपणी शेतात खाल्लेली न्याहारी आठवावी. चार हंगाम मी ज्याला शिव्या दिल्या तो माणूस हे करत होता. फळीवर दोन रेघा होत्या. मी हात टेकला आणि दोन बोटं ठेवली.

पारखी हलला नाही. फडकं काढलं नाही, गेरू काढला नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मग मला दंडाला धरून चार पावलं बाजूला नेलं.

"दोन?"

"दोन."

"तू डोये मिटले होते."

मी कडुनिंबाकडे पाठ केली.

"दोनच्या वड्याले कोनी डोये मिटत नाई लेका." तो रागावला नव्हता, रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. "जीभ माही गेली. तुही आहे. वापर."

तो परत गेला आणि किसनाच्या फळीवर तिसरी रेघ ओढली. मी तिथेच उन्हात उभा. त्या दिवशी गाड्यावर आलो तेव्हा माझ्यानं कुणाच्या तोंडाकडे पाहवेना. घरी कुणी नव्हतं. रात्रीची भाकर तशीच टोपलीत राहिली.

त्यानंतर त्या हंगामात मी एकही बोट खोटं टेकलं नाही. त्यानंही तो विषय पुन्हा काढला नाही. माझ्या गाड्यापाशी आलो की मात्र तो मला अर्धा वडा देत नसे, आणि मीही मागत नसे. वडा हातानं फाडायचा, उन्हाकडे धरायचा आणि दोन रेघा ओढायचा. एकदा मी म्हणालो, "हाताले तीनचे लागते ना?"

"हाताले लागते. तुले काय लागते?"

"म्या अजून खाल्ला नाई."

"मंग दोनच."

होळीच्या अलीकडे ताप परतला. या वेळी एकवीस दिवस लागले नाहीत. चौथ्या दिवशी गेलो तर डोळे उघडे होते, पण तो मला ओळखत होता की नाही, सांगता येत नाही. मी वाटीत कढी नेली होती. चमच्यानं दोन घोट पाजले. त्यानं जीभ टाळ्याला लावली, थांबला, आणि ओठ हलवले. मला वाटलं तो विचारतो आहे. मी म्हणालो, "टाकलं आहे भाऊ. मीठ टाकलं आहे." दुसऱ्या दिवशी तो गेला. शेठजी पायी चालत स्मशानापर्यंत आले. गाड्यांची रांग त्या दिवशी वेशीबाहेरच थांबवून ठेवली होती.

त्याला नातलग नव्हते. मुनिमानं त्याचा कोट माझ्याकडे दिला. खिशात चार सरक्या होत्या आणि गेरूचा खडा, झिजून बोराएवढा झालेला.

सोमवार आला. सकाळी गाडीवान आमच्या रांगेतून हिंडत होते. फळ्यांवर मागच्या रेघा पुसट झालेल्या. कुणी खायला पुढे होईना. एक जण दुसऱ्याला विचारत होता, "आता कसं समजाचं?" गाडेवाले ओरडत होते, "या, गरम आहे, ताजं आहे," आणि प्रत्येकाच्या थाळीत वर ताजं होतंच.

मी छकड्यावरून उतरलो. हातात लोटा घेतला. आधी कडुनिंबाखाली गेलो. किसना माझ्याकडे पाहत होता. लोक गोळा झाले.

"तयातलं दे," मी म्हणालो.

त्यानं दिलं. मी फाडलं, खाल्लं. डोळे मिटले ते मी लपवलं नाही. ओल्या फडक्यानं फळी पुसली आणि तीन रेघा ओढल्या. किसनाचा हात थाळीवर तसाच राहिला. मग म्हणाला, "आनखी एक घे." इतक्या हंगामांत माझ्याशी बोललेला त्याचा पहिला शब्द.

"नको. माह्यं राह्यलं आहे."

सगळी रांग फिरलो. शेवटी माझ्या गाड्यापाशी आलो. लोक मागेच होते, आता हा काय करतो ते पाहायला. सोमवारचा उपास होता. पहिल्याच गाड्यावर मोडला होता. माझ्या थाळीच्या तळात हात घातला आणि माझा वडा काढला. आयुष्यात पहिल्यांदा. कढीत बुडवला. चावत राहिलो. वाईट नव्हता. मीठ बरोबर होतं, तिखट बरोबर होतं. पण डोळे उघडेच राहिले.

फळी पुसली. एक रेघ ओढली. दुसरी ओढली. गेरू खिशात टाकला.

आसेगावचा तो गाडीवान, ज्याला पारखीनं रेघांचा अर्थ सांगितला होता, गर्दीतून पुढे आला. "सवताच्याच गाड्याले दोनच? काहून गा?"

"दोनचंच आहे म्हून."

तो फळीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मग खांद्यावरचं घोंगडं खाली ठेवून उकिडवा बसला.

"बरं. दे मंग," तो म्हणाला. "तयातलं दे."